वर्ग नसलेलं कॉलेज

मराठीत कॉलेजच्या गोष्टी काही कमी नाहीत. त्यांत होस्टेल आहे, मेस आहे, गॅदरिंग आहे, कट्टा आहे, प्रेमभंग तर ढिगाने आहेत. एकच जागा त्यांत जवळपास रिकामी दिसते, ती म्हणजे वर्ग. वर्गाचा उल्लेख येतो, नाही असं नाही. पण तो 'सर काहीतरी शिकवत होते' एवढ्यावर आटोपतो. सर काय शिकवत होते, तिसऱ्या बाकावरच्या मुलीला त्यातलं कुठपर्यंत कळलं आणि नेमकं कुठे तुटलं, हे सहसा कुणी लिहीत नाही.

सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' (१९८२) घ्या. २०१३ साली तिच्यावर सिनेमा आला आणि आमच्या पिढीने ती पुन्हा शोधून वाचली. तिचं सगळं वजन कट्ट्यावर आहे. मैत्री, मारामारी, प्रेम, घरातले घाव, सगळं कट्ट्यावर घडतं. अभ्यास तिथे वेळापत्रकासारखा भिंतीला टांगलेला असतो. पु. ल. देशपांड्यांचं 'बिगरी ते मॅट्रिक' ऐकताना आपण पोट धरून हसतो, पण ती शाळा आहे, आणि तिथलं न कळणं हा विनोदाचा माल आहे. हसू आलं की प्रश्न मिटतो. मला त्या हसण्याबद्दल तक्रार नाही. मात्र ज्याला उद्या सकाळी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसायचंय, त्याच्या हाताला त्यातून फारसं काही लागत नाही.

मी हे सगळं वाचते ती कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहून. बाहेरच्या लोकांना आमची वस्ती ठाऊक असते ती २६ नोव्हेंबर २००८ मुळे. ते दहा जण रबरी होडीतून इथेच उतरले होते. आम्हाला ती ठाऊक आहे होड्यांमुळे, जाळ्यांमुळे, आणि मागे उभ्या असलेल्या उंच इमारतींमुळे. १८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ, राजाबाई टॉवर, चर्चगेटच्या आसपासची नावाजलेली कॉलेजं, सगळं इथून बसने थोड्याच वेळाच्या अंतरावर. इतक्या जवळ राहूनही वस्तीतली मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडतात तेव्हा कारण विचारलं की उत्तर येतं, 'जमत नव्हतं.' या 'जमत नव्हतं'च्या पोटात काय काय आहे, ते साहित्यात शोधावं असं मला वाटलं. हा लेख त्या शोधाचा आहे.

दोन शेतकऱ्यांची मुलं

मराठीत कॉलेजमधल्या गोंधळाची सर्वांत प्रामाणिक कादंबरी कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चं नाव घेतील. मीही घेईन. १९६३ साली ती आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला येतो, होस्टेलमध्ये राहतो, मंडळं नि स्नेहसंमेलनं यांत पडतो, वडिलांचे पैसे उडवतो आणि शेवटी हात हलवत गावी परततो. अर्थ कुठेच लागत नाही, आणि लागल्याचं ढोंग करायचं नाही, हा त्याचा बाणा आहे. त्याच्या बोलण्यात सारखे येणारे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द पुढे कित्येक पिढ्यांच्या तोंडात बसले.

'वगैरे' हा शब्द किती कामाचा आहे पाहा. 'अर्थशास्त्र वगैरे', 'परीक्षा वगैरे', 'करिअर वगैरे'. मोठ्या शब्दांची हवा काढायला याच्याइतकं सोपं हत्यार नाही. ज्या काळात प्रत्येक पदवीधराकडून देश घडवायची अपेक्षा होती, त्या काळात एका पोराने 'वगैरे' म्हणून खांदे उडवले, ही मोठीच गोष्ट होती. पण त्याच 'वगैरे'च्या मागे वर्गही झाकला जातो. सांगवीकरला शिक्षण पोकळ वाटतं हे पानोपानी जाणवतं. त्याला अमुक एक गोष्ट समजली नाही, ती कोणती, आणि तिथे त्याच्या डोक्यात काय झालं, हे मात्र धूसर राहतं. त्याचं न समजणं जगाविषयीचं आहे, समोरच्या फळ्याविषयीचं फार कमी.

आता याच काळातली दुसरी कादंबरी घ्या. जॉन विल्यम्स या अमेरिकन लेखकाची 'स्टोनर' १९६५ साली आली. 'कोसला'नंतर दोनच वर्षांनी. इथेही शेतकऱ्याचा मुलगा आहे. मिझुरी राज्यातल्या एका कष्टाच्या शेतावरून बाप त्याला शेतीशास्त्र शिकायला विद्यापीठात पाठवतो. दुसऱ्या वर्षी इंग्रजी साहित्याचा एक सक्तीचा विषय असतो. एके दिवशी प्राध्यापक स्लोन शेक्सपिअरचं एक सुनीत म्हणून दाखवतात आणि थेट स्टोनरला विचारतात, याचा अर्थ काय? स्टोनर वाक्य सुरू करतो आणि त्याला ते पुरं करता येत नाही. लेखक तिथेच थांबतो. खिडकीतून मुलांच्या चेहऱ्यांवर पडलेला उजेड, स्टोनरला दिसणारे स्वतःचे हात, तो ताणलेला क्षण, सगळं तो आपल्याला दाखवतो. एका मुलाला एक गोष्ट समजत नाही, एवढाच तो प्रसंग. सबंध कादंबरी त्यावर फिरते.

दोन बाप, दोन शेतं, दोन पोरं. एकाचा लेखक वर्गाच्या दाराबाहेर थांबतो, दुसऱ्याचा आत येऊन बसतो. 'कोसला' कमी दर्जाची आहे असं मला म्हणायचं नाही. कुणी म्हणेल, 'कोसला' निरर्थकतेची कादंबरी आहे, तिच्याकडे अर्थशास्त्राच्या तासाचा हिशेब मागणं अन्याय आहे. हे बरोबरच आहे. माझा प्रश्न नेमाड्यांपेक्षा नेमाड्यांनंतर आलेल्यांना आहे. सांगवीकरचं 'वगैरे' आपण साठ वर्षं उसनं घेत आलो, पण तो ज्या वर्गातून उठून गेला त्या वर्गात जाऊन बसायचं काम कुणी अंगावर घेतलेलं मला फारसं दिसत नाही.

'वगैरे' परवडण्याचाही एक भाग आहे. सांगवीकर परत जातो तेव्हा मागे शेत आहे, घर आहे, रागावणारा का होईना पण ऐपतदार बाप आहे. ज्या घरात कॉलेजची फी भरताना बोटीच्या डिझेलचा विचार करावा लागतो, तिथल्या मुलाला खांदे उडवणं महागात पडतं.

दारापर्यंतची झुंज

ऐपत नसलेल्यांचं शिक्षण मराठीत आलं ते आत्मकथनांतून. प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' (१९७९) आणि आनंद यादवांचं 'झोंबी' (१९८७) ही त्यांतली दोन मोठी पुस्तकं. सोनकांबळे लहानपणी पोरके झाले, बहिणीच्या घरी वाढले, भूक आणि जात दोन्ही सोसत शिकले आणि पुढे औरंगाबादला इंग्रजीचे प्राध्यापक झाले. यादवांच्या कागलच्या घरात शाळेचं नाव काढलं की बापाचा हात उठायचा. 'झोंबी' हे नावच सांगतं की शिक्षण ही कुस्ती होती.

पण ही झुंज मुख्यतः शाळेच्या दारापर्यंत पोचण्याची आणि तिथून हाकललं न जाण्याची आहे. एकदा आत शिरलं की मुलगा हुशार आहे, शिकण्याची ओढ जबर आहे, तो शिकतो. ते स्वाभाविकही होतं. ज्याला आत येऊच दिलं जात नव्हतं त्याने आत गेल्यावर 'मला कळत नाही' असं कशाला लिहावं? बाहेरचे तेवढ्याचीच वाट पाहत होते.

आमच्या पिढीसाठी दार बऱ्यापैकी उघडलंय. सवलत आहे, शिष्यवृत्ती आहे, प्रवेश मिळतो. झुंज आता बाकावर आली आहे, आणि तिथलं साहित्य आमच्या हातात नाही. शिवाय आत्मकथन लिहितो तो टिकलेला माणूस. दुसऱ्या वर्षाला सोडून गेलेल्याने आपलं न समजणं लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे गोष्टीचा शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो, की हा पुढे प्राध्यापक होणार. आपलं पुढे काय होणार हे ठाऊक नसलेल्या मुलीला त्या शेवटाचा धीर मिळतो, पण उद्याच्या तासाचं काय करायचं ते कळत नाही.

भाषेचा प्रश्न आणि त्याच्या पलीकडचा

इथे कुणीतरी म्हणेलच, हा सगळा इंग्रजीचा प्रश्न आहे, मराठीतून शिकवा, संपला विषय. हा वाद आमच्या या दक्षिण मुंबईत पावणेदोनशे वर्षं जुना आहे. १८४० च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये दोन तट होते. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे, तर गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे. त्याआधीच बाळशास्त्री जांभेकरांनी एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवता शिकवता मराठीत पुस्तकं लिहायला घेतली होती. कॅल्क्युलसला त्यांनी 'शून्यलब्धि' म्हटलं.

शब्द झकास आहे. मला तो फार आवडतो. पण 'शून्यलब्धि' म्हटल्याने कॅल्क्युलस कळत नाही, हेही तितकंच खरं. मुंबई विद्यापीठाच्या कला-वाणिज्यच्या कित्येक पेपरांत प्रश्न मराठीतही छापलेले असतात, उत्तर मराठीत लिहिता येतं. २०२३ साली विद्यापीठ अनुदान आयोगानेही सांगितलं की शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असलं तरी परीक्षेत स्थानिक भाषेत लिहू द्या. चांगलंच आहे. तरीही 'इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड' न कळलेल्या मुलाला 'मागणीची लवचीकता' हा शब्द दिला की त्याच्याकडे न कळलेले दोन शब्द होतात. भाषा हा पहिला उंबरठा आहे. तो ओलांडल्यावरही कुठेतरी पाऊल अडखळतं, आणि ते कुठे हे सांगायला मराठीत आपल्याकडे दोनच शब्द आहेत. स्वतःसाठी 'ढ' आणि विषयासाठी 'बोर'.

बोंबलाचा वाटा

मी संध्याकाळी वस्तीतल्या काही मुलांचा अभ्यास घेते. त्यांतली एक एफ.वाय.बी.कॉम.ला होती. बिझनेस इकॉनॉमिक्समध्ये केटी लागली तेव्हा ती म्हणाली, 'ताई, मला काहीच कळत नाही. मी सोडते. आईसोबत मार्केटला बसते.' हे ती रडून बोलली नाही. तिने ते ठरवूनच टाकलं होतं, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मी विचारलं, 'काहीच म्हणजे कुठपासून?'

तिला हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. आम्ही वही उघडून मागे मागे गेलो. किंमत वाढली की मागणी घटते, हे कळत होतं. ते तर तिला पुस्तकाआधीच कळत होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा भावाचं काय होतं आणि गिऱ्हाईक कसं तोंड फिरवतं हे तिच्या घरात रोज बोललं जातं. लवचीकता म्हणजे मागणीतला टक्केवारीचा बदल भागिले किमतीतला टक्केवारीचा बदल, हे सूत्रही पाठ होतं. मग तिने एका आकृतीवर बोट ठेवलं. मागणीची एक सरळ रेष, आणि तिच्यावर तीन ठिकाणी लवचीकतेचे तीन वेगळे आकडे. ती म्हणाली, 'रेष सरळ आहे ना? मग लवचीकता बदलते कशी?'

इथे एक गैरसमज काढून टाकते. 'कोळणीला अर्थशास्त्र उपजतच येतं' असं म्हणायची हल्ली फॅशन आहे. ऐकायला गोड लागतं. पण भाव करता येणं आणि लवचीकता समजणं या दोन गोष्टी आहेत, आणि त्या एकच आहेत असं सांगून आपण त्या मुलीला दुसरी गोष्ट शिकवायचं टाळतो. तिचा प्रश्न बाजाराचा नव्हता, गणिताचा होता.

म्हणून आम्ही आकडे मांडले. समजा बोंबलाचा वाटा १०० रुपयांना आहे आणि ५० वाटे खपतात. भाव १० रुपयांनी वाढला की ५ वाटे कमी खपतात. किंमत १० टक्के वाढली, मागणी १० टक्के घटली. लवचीकता १. आता त्याच रेषेवर वर जा. वाटा १८० ला, खप १०. भाव पुन्हा १० रुपयांनी वाढला, खप पुन्हा ५ ने घटला. पण १८० वर १० म्हणजे साडेपाच टक्के, आणि १० वाट्यांतले ५ गेले म्हणजे निम्मे, ५० टक्के. लवचीकता ९ च्या आसपास. खाली या. वाटा २० ला, खप ९०. तेच १० रुपये, तेच ५ वाटे. किंमत मात्र ५० टक्के वाढली आणि खप जेमतेम साडेपाच टक्के घटला. लवचीकता ०.११.

रेषेचा उतार रुपये आणि वाटे मोजतो. लवचीकता टक्के मोजते. रुपये तेच राहिले तरी ते कशातले किती, हे बदलत जातं. तिचं नेमकं इथे तुटलं होतं, एका पानावरच्या एका पायरीवर. वर्गात ती पायरी बहुधा अर्ध्या मिनिटात ओलांडली गेली असेल. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ते होतं. पुढचे सगळे तास त्या पायरीवर उभे होते, आणि तिच्या मनात त्या सगळ्याचं मिळून 'काहीच' झालं होतं.

मला या प्रसंगात समीक्षेचा मुद्दा दिसतो तो असा. तिचा प्रश्न चांगला होता. पाठ्यपुस्तकाने मुद्दाम विचारावा असा होता. पण तो प्रश्न आहे हे तिला ठाऊक नव्हतं, कारण न समजण्याला जागा असते, तिच्याकडे बोट दाखवता येतं, असं सांगणारी एकही गोष्ट तिने वाचली नव्हती. तिने वाचलेल्या-पाहिलेल्या गोष्टींत हुशार मुलं होती, वाया गेलेली मुलं होती आणि विनोदी मुलं होती. तिने स्वतःला दुसऱ्या खणात टाकलं.

टारा वेस्टओव्हर या अमेरिकन लेखिकेचं 'एज्युकेटेड' (२०१८) हे आत्मकथन शाळेचं तोंड न पाहता विद्यापीठात गेलेल्या मुलीचं आहे. कलेच्या इतिहासाच्या तासाला पुस्तकात एक अनोळखी शब्द दिसतो, ती हात वर करून अर्थ विचारते, आणि वर्ग गार पडतो. तो शब्द 'होलोकॉस्ट' असतो. सगळ्यांना वाटतं ती क्रूर थट्टा करतेय. हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो, कारण न समजण्याची जागा लेखिकेने एका शब्दापर्यंत आणून ठेवली आहे. तिथे 'वगैरे' नाही. असा एक प्रसंग वाचलेल्या मुलीला आपला हात वर न जाण्याचं कारणही कळतं आणि आपण एकट्या नाही हेही.

समुद्रावर आणि बाकावर

आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ काढतात ती तिथीवरून. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे साधारण तीनला भरती. अष्टमीला सहा. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरती रोज पाऊण तासाच्या थोडी पुढे सरकते, त्याचं हे गणित. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, त्यामुळे वेळ चुकवून चालत नाही. हे शिकणाऱ्या पोराला सुरुवातीला काही कळत नसतंच. पण तिथे चूक त्याच दिवशी कळते. पाणी सांगतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुणाकार करायचा.

कॉलेजात चूक कळते ती सेमिस्टरच्या शेवटी, निकालपत्रावर, एका आकड्यात. तो आकडा कुठे तुटलं हे सांगत नाही, तू तुटलीस एवढंच सांगतो. मधले महिने ती पायरी तशीच राहते आणि वर ओझं चढत जातं. म्हणून ज्यांना वर्गात कळत नाही त्यांनी करण्यासारखी गोष्ट मला एकच दिसते: हे अंतर आपणच कमी करणं. तास संपला की वहीच्या मार्जिनमध्ये एक ओळ लिहायची, 'इथपर्यंत कळलं, इथून नाही.' ती ओळ घेऊन त्याच आठवड्यात कुणाकडे तरी जायचं. सर, सीनियर, मैत्रीण, कुणीही.

आता हातात फोन आहे. यूट्यूबवर कुठल्याही विषयाचे दहा व्हिडिओ आहेत, एआयला विचारलं की क्षणात उत्तर येतं. त्यांची मदत होते. पण व्हिडिओ पाहताना सगळं गुळगुळीत वाटतं, पाहून झालं की जिथे होतो तिथेच. एआयला 'इलॅस्टिसिटी समजाव' म्हटलं की ते सगळी इलॅस्टिसिटी समजावतं. 'सरळ रेषेवर ती बदलते कशी' असं विचारलं की तुमच्या पायरीवर येऊन थांबतं. हा दुसरा प्रश्न विचारता येण्यासाठी आपलं न समजणं आपल्यालाच वाक्यात मांडता यावं लागतं.

न समजणं वाक्यात मांडणं हे साहित्याचं जुनं काम आहे. प्रेम, भूक, अपमान, मृत्यू यांचं न समजणं मराठीने किती बारकाईने मांडलंय. फळ्यासमोरचं न समजणं तेवढं 'वगैरे'त राहिलं. ते लिहायला मोठा लेखक लागतोच असं नाही. केटी लागलेल्या, सोडून गेलेल्या, सोडता सोडता राहिलेल्या मुलांनी ते लिहावं. प्राध्यापक झाल्यावर नको, आत्ताच लिहावं, शेवट ठाऊक नसताना. कोणता विषय, कोणतं पान, कोणती ओळ, हे नावानिशी.

त्या मुलीने केटीचा फॉर्म भरलाय. पास होईल की नाही, मला माहीत नाही. तिच्या वहीच्या मार्जिनमध्ये आता बऱ्याच ओळी आहेत. एखाद्या मासिकाने त्या छापायला मागितल्या तर कॉलेजवरचं एक खरं पान मराठीत छापून येईल.